माझ्या गुडघ्याला काही झालेलं नाही

राजाजीनगरातल्या आमच्या महिला मंडळात कुणालाही विचारा, माझा गुडघा दुखतो असं सांगतील. उजवा की डावा, ते मात्र कुणालाच ठाऊक नाही. मलाही नाही, कारण माझे दोन्ही गुडघे ठणठणीत आहेत. दोन दांडग्या कुत्र्यांना घेऊन मी रोज सकाळ-संध्याकाळ गच्चीचा जिना चढते-उतरते आणि सोफ्याखाली गेलेला त्यांचा चेंडू पालथी पडून बाहेर काढते. तरी गुडघा दुखतो. मंडळाचं तसं ठरलं होतं.

आधी कुत्र्यांचं सांगते, मग गुडघ्याकडे येते.

आमच्या वरच्या मजल्यावर पुण्याचं एक जोडपं भाड्यानं राहायचं. दोघंही आयटीत. घरून काम चालायचं त्या दिवसांत त्यांनी एक पिल्लू आणलं आणि पुढच्या वर्षी त्याला सोबत म्हणून दुसरं. काळ्या-पांढऱ्या, झुपकेदार शेपटीच्या, मेंढ्या वळणाऱ्या विलायती जातीच्या दोन कुत्र्या. मग ऑफिसं उघडली, आणि पाठोपाठ त्या दोघांना परदेशात नोकऱ्या लागल्या. कुत्र्यांना कुठल्याशा फार्मवर पाठवायचं ठरलं. शहरातल्या लोकांना जे जे नकोसं होतं ते सगळं फार्मवर जातं, असं माझं निरीक्षण आहे. तिथे त्यांना खूप मोकळी जागा मिळेल, असं ती मुलगी मला डोळे पुसत सांगत होती, आणि तेव्हा थोरली माझ्या मोरीच्या दाराची कडी नाकानं वर उचलून आत काय आहे ते बघत होती. मी म्हटलं, राहू देत इथेच.

आमचे हे जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात यांनी उभी हयात काढली. पहाटे कंपनीची बस यायची, त्याआधी डबा, त्याआधी माझं उठणं. निवृत्त झाल्यावर डबा सुटला, पण माणूस घरात होता. मग तोही गेला आणि सकाळी उठून करायचं काय, हेच मला कळेना. माझ्या नणंदेनं फोनवर नाक मुरडलं, वर्षश्राद्ध व्हायचंय आणि घरात कुत्री आणलीस म्हणाली. मी म्हटलं, आणली नाहीत, वरून खाली आली.

त्या दोघींची विलायती नावं होती, ती मला कधी तोंडात बसली नाहीत. थोरली आणि धाकटी, एवढंच. जावाजावांसारखं वाटतं, आणि वागणंही पुष्कळसं तसंच. या जातीला काम लागतं. नाही दिलं तर ती स्वतः शोधते, आणि ते तुम्हाला परवडत नाही. पहिल्या आठवड्यात धाकटीनं उशीचा कापूस काढला, थोरलीनं भिंतीचं प्लास्टर. आमच्या शेजारच्या अण्णांनी कन्नडमधून मला समजावलं की हे बुद्धीचं जनावर आहे, याला वेड लागतंय. मला ते निराळं समजवायला नको होतं. अंगात अक्कल आहे आणि तिला कामच नाही, ही अवस्था त्या वर्षी मला चांगली ठाऊक होती.

माझं माहेर निपाणीकडचं. तंबाखू निघाली की आमच्या शेतात धनगर मेंढ्या बसवायचे. त्यांची कुत्री मेंढ्या वळत नसत, ती कडेला बसून लांडग्याची वाट बघत. मेंढ्या आपल्या धनगराच्या मागे चालायच्या. या दोघींचं काम बरोबर उलटं. या मागून हाकतात, तेही न भुंकता, नुसत्या नजरेनं. पोट जमिनीला टेकवून, मान खाली घालून अशा रोखून बघतात की समोरचं आपोआप सरकतं. त्यांना मेंढी आयुष्यात दिसलेली नाही, तरी ती नजर आहेच.

मेंढ्या कुठून आणणार? मी लिंबं आणली. चामराजपेटेच्या बाजारातून लोणच्यासाठी पिशवीभर लिंबं घेऊन आले होते, गच्चीवर पिशवी फाटली आणि लिंबं चारी दिशांना पळाली. मी कपाळाला हात लावेपर्यंत या दोघी निघाल्याही होत्या. धाकटी पाणी जायच्या भोकाकडे धावली आणि तिथे आडवी पडली, म्हणजे एकही लिंबू खाली जायला नको. थोरलीनं एकेक लिंबू तोंडातून आणून माझ्या पायाशी ठेवलं, एकालाही दात न लावता. तेव्हापासून आमचा तो खेळच झाला. मग मी खेळ वाढवत गेले. कांदे वेगळे, लिंबं वेगळी. वाटी आण, चमचा नको. लपंडावात धाकटी दर वेळी टाकीमागेच शोधायची, आणि थोरली मला शोधण्याऐवजी जिन्याच्या तोंडाशी जाऊन बसायची, कारण कुठेही लपले तरी उतरणार मी तिथूनच. माझी अशी हुशारीनं कोंडी कुणी केली नव्हती. मी गच्चीवर एकटी खो खो हसत बसायचे आणि शेजारच्या खिडक्या उघडायच्या. उघडू देत.

आता गुडघा.

श्रावण आला की आमच्या मंडळात मंगळागौरीच्या खेळांची तालीम सुरू होते, आणि ती माझ्या गच्चीवर होते, कारण एवढी मोठी गच्ची दुसरीकडे नाही आणि आवाज झाला तर खाली ओरडायला मीच. झिम्मा, फुगडी, पिंगा, सूप नाचवणं, लाटणी, हे सगळं मी माहेराहून आणलेलं. या भागातल्या निम्म्या सुनांना फुगडी मी शिकवली आहे. पुण्या-मुंबईहून आलेल्या मुली जीन्सवर ओढणी खोचून शिकतात, आणि इथे पिढ्यानपिढ्या राहिलेल्या बायका मराठीत कानडी कालवत त्यांना हसतात. फेराच्या मध्ये उभं राहून सुरुवात करायची ती मी.

हे गेल्यानंतरच्या पहिल्या श्रावणात मी तालमीला गेलेच नाही. दुसऱ्या श्रावणात पदर खोचून उभी राहिले, तर आमच्या मंडळाच्या अध्यक्ष वहिनींनी एक प्लास्टिकची खुर्ची आणून फेराबाहेर ठेवली.

"अक्का, तुम्ही बसून सांगा की. स्वल्प आराम पण होतो."

मी म्हटलं, "आराम कशाला? मी दमले कुठे?"

वहिनी हसल्या आणि बाकीच्यांकडे वळून म्हणाल्या, "त्यांचा गुडघा दुखतोय आजकाल."

मी तोंड उघडलं. आणि बघते तर सगळ्या कशात ना कशात गुंतलेल्या. कुणी निऱ्या नीट करतंय, कुणी फोन बघतंय. त्यात बँकेतून निवृत्त झालेली आहे, शाळेची मुख्याध्यापिका आहे, कंपनीत वीस माणसांवर हुकूम चालवणारी आहे. विधवा हा शब्द त्यांच्यापैकी एकही उच्चारणार नाही. विधवेनं मंगळागौरीच्या फेरात येऊ नये असं तर कुणी मुळीच म्हणणार नाही, लाज वाटेल. म्हणून गुडघा. मला संताप आला, तरी खुर्चीत बसून मी त्यांना ठेका धरून दिला.

पुढे तो गुडघा फोफावला. बाजारात भेटली की बायका त्याची चौकशी करायच्या. एकीनं केरळहून तेल आणून दिलं. मी दर वेळी सांगायचे, "माझ्या गुडघ्याला काही झालेलं नाही." त्या मान हलवायच्या, दुखणं लपवणाऱ्या सोशिक बाईकडे बघून हलवतात तशी.

यंदाच्या श्रावणात तालमीला पहिल्यांदाच थोरली आणि धाकटी गच्चीवर मोकळ्या होत्या. बायका जमल्या, एकमेकींचे हात धरून फेर झाला, आणि फिरू लागला. त्या दोघींनी ते बघितलं आणि माझ्याकडे बघितलं. मी त्यांना थांबवलं नाही. एवढ्या वर्षांत त्यांच्यासमोर पहिल्यांदाच खराखुरा कळप आला होता, तोही नाचणारा.

थोरली उजवीकडून निघाली, धाकटी डावीकडून. पहिल्यांदा किंचाळ्या झाल्या. मग बायकांच्या लक्षात आलं की या अंगावर येत नाहीत, नुसत्या भोवतीनं फिरतात. फेर एका बाजूला फुगला की तिकडे थोरली हजर, तो आपोआप आत यायचा. मेसेज बघायला कुणी हळूच बाहेर सरकली की धाकटी तिच्या पोटरीला नाक लावायची आणि परत नेऊन सोडायची. आमच्या मंडळाचा फेर इतका गोल कधीच झाला नव्हता. फुगडीपुढे मात्र दोघींचं डोकं चालेना. दोन बायका हात धरून गरगर फिरतात पण जात कुठेच नाहीत, याचं काय करायचं ते त्यांना समजत नसे. धाकटी मग स्वतःभोवतीच गिरक्या घ्यायची. बायका हसून हसून खाली बसायच्या. तालमीला दांड्या मारणाऱ्याही येऊ लागल्या.

एकच गोष्ट बिनसत होती. सगळ्या फेरात आल्या की या जातीचं कुत्रं खाली बसतं, काम झालं म्हणून. थोरली बसायची नाही. फेर नीट लागला की ती माझ्याकडे यायची. खुर्चीसमोर पोट टेकून रोखून बघायची. मी हलले नाही की उठून नाक टेकवायची, नेमकं गुडघ्यावर. मी तिला हळू आवाजात "बस" म्हणायचे, ती बसायची नाही. एक बाहेर राहिली आहे, हे तिला दिसत होतं. ते सगळ्यांनाच दिसत होतं, पण नजर फक्त तिनं हटवली नाही.

श्रावणातला शेवटचा मंगळवार जवळ आला तशा वहिनी घरी आल्या. त्यांच्या मुलाचं लग्न नुकतंच झालं होतं, सून पुण्याची, तिची पहिली मंगळागौर. पूजा त्यांच्या फ्लॅटमध्ये आणि संध्याकाळचे खेळ माझ्या गच्चीवर.

"एक सांगायचं होतं अक्का," वहिनी चहा ढवळत म्हणाल्या. "त्या दिवशी कुत्र्यांना खाली बांधा हं. पाहुणे येणार."

"पाहुण्यांना त्या काही करत नाहीत."

"तसं न्हवे. ती मोठी सारखी तुमच्याकडं येऊन बसते. सगळ्यांचं ध्यान तिकडं जातं. सुनेची पहिली मंगळागौर आहे अक्का. माझा एकच मुलगा."

त्यांच्या आवाजात भीती होती, खरीखुरी. ही बाई वाईट नाही. हे हॉस्पिटलात होते तेव्हा तिच्या घरून रोज माझ्यासाठी डबा आला आहे. पण तिच्या मुलाचं आयुष्य माझ्या सावलीनं कमी होतं असं तिला मनातून वाटत होतं, आणि ते ऐकून घेऊन वर मी चहात साखर घालायची, हे मला जमणारं नव्हतं.

मी म्हटलं, "वहिनी, गच्ची हवी तर गच्चीबरोबर त्या दोघी येतात. बांधणार नाही."

"आणि तुम्ही?" त्यांनी अगदी हळू विचारलं.

"मी माझ्या घरातच असते. गच्चीही घरातच येते."

त्या "सरी, सरी", म्हणजे बरं बरं, म्हणत उठल्या. चहा अर्धा राहिला.

मंगळवारी संध्याकाळी गच्चीवर दिव्यांच्या माळा लागल्या. नऊवार, नथी, गजरे. हळदीकुंकवाचा करंडा फिरत आला. माझ्या अलीकडच्या बाईला कुंकू लागलं, करंडा माझ्यापाशी घुटमळला आणि पलीकडच्या बाईकडे गेला. फिरवणारी मुलगी लहान होती, तिचा दोष नाही. तिला कुणीतरी समजावून पाठवलेलं होतं. नवी नवरी माझ्याजवळ येऊन वाकली आणि म्हणाली, "काकू, तुम्ही का नाही खेळत? सगळं तर तुम्हीच शिकवलंय ना?"

वहिनी मागूनच बोलल्या, "अगं, त्यांचा गुडघा."

फेर लागला. मी खुर्चीत बसून ठेका धरला. थोरली आणि धाकटी आपल्या कामाला लागल्या, पाहुण्यांनी फोन काढून व्हिडिओ घेतले. मग नेहमीप्रमाणे थोरली माझ्यासमोर आली. पोट टेकलं, बघितलं. मी नेहमीप्रमाणे हलले नाही. नाक गुडघ्यावर आलं, मी ते बाजूला केलं.

तेव्हा तिनं पूर्वी कधी केलं नव्हतं ते केलं. ती वळसा घालून खुर्चीच्या मागे गेली. धाकटीनं तिच्याकडे एकदा बघितलं, फेर सोडला आणि माझ्या डाव्या हाताला, जिन्याच्या वाटेवर येऊन आडवी पडली. लिंबांच्या वेळी भोकापाशी पडली होती तशीच. आणि मागून माझ्या टाचेला दात लागले. चावली नाही. बघ हं, एवढंच.

मी उठले.

एक पाऊल टाकलं तशी मागची मागे आली, बाजूची बाजूनं सरकली. वाट एकच उरली होती, समोरची. गाणं विरळ होत थांबलं. कुणीतरी "अय्यो" म्हणालं. वहिनी फेरातूनच ओरडल्या, "अक्का, कुत्र्यांना धरा की!"

कुत्र्यांना मी कधीही थांबवू शकत होते. "बस" हा शब्द रागावून मोठ्यानं म्हटला असता तर दोघी जागच्या जागी बसल्या असत्या. खुर्ची मागे चार हातांवर होती. ते मला पक्कं माहीत होतं आणि मी तो शब्द उच्चारला नाही. उलट पदर कमरेला खोचला.

वहिनींचा हात शेजारच्या बाईच्या हातात होता. मी सरळ तिथेच गेले, दोघींचे हात सोडवले आणि मध्ये उभी राहिले. एका हाताला मुख्याध्यापिका, दुसऱ्या हाताला वहिनी. त्यांचा तळवा घामानं ओला होता.

कुणी हलेना. नवरी माझ्याकडे बघत होती, मग सासूकडे. शेवटी वहिनींनीच मार्ग काढला, तशा त्या हुशार आहेत. पाहुण्यांकडे बघून मोठ्यानं हसल्या आणि म्हणाल्या, "कुत्र्यानं ओढून आणलं बिचारीला! जनावराला काय कळतंय? चालायचंच."

सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. खूप सोयीचं होतं ते. मी फेरात राहिले असते, गौर कोपली नसती, दोष मुक्या जनावराचा. पुढच्या वर्षीही कुत्र्यानं ओढून आणलं असतं आणि त्याच्या पुढच्याही. गुडघ्याच्या जागी आता मला हे मिळत होतं आणि मला फक्त हसायचं होतं.

मी म्हटलं, "त्यांना सगळं कळतं, वहिनी. आणि मला कुणी ओढलेलं नाही. मी चालत आले. माझ्या गुडघ्याला काही झालेलं नाही, कधीच झालं नव्हतं. माझा नवरा वारला आहे. एवढंच झालं आहे, आणि ते तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे."

वहिनींनी हात काढून घेतला तर त्या घेतील, असं मनाशी म्हणून मी माझा हात नुसता उघडा धरून ठेवला. त्यांनी तो घट्ट धरला नाही, पण काढूनही घेतला नाही. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. ते माझ्यासाठी होतं की मुलाच्या काळजीचं, हे मी विचारलं नाही आणि विचारणारही नाही.

"काकू," नवरी म्हणाली, "पुढचं कोणतं घ्यायचं?"

"पिंगा," मी म्हटलं. "आणि पाय आपटा जरा, गच्ची माझी आहे."

सुरुवात मीच केली. फेर हलला, आधी अडखळत, मग ठेक्यात. रिकाम्या खुर्चीत धाकटी चढून बसली. थोरलीनं फेराभोवती एक पूर्ण चक्कर मारली, एकेकीकडे बघत. माझ्यापाशी आली, थांबली नाही, तशीच पुढच्या बाईकडे गेली. मग जिन्याच्या दाराशी जाऊन तिनं पाय पसरले, हनुवटी जमिनीला टेकवली आणि डोळे मिटले.